तीन खेळाडू देशासाठी गेले आणि आमची शनिवारची मॅच मंगळवारी गेली

शनिवार तीन (धागाकर्ता) | शुक्रवार, रात्री ९:१२

पुढच्या शनिवारची आमची मॅच पुढे ढकलली. पाऊस नाही, मैदानात पाणी नाही, बर्फ नाही. समोरच्या क्लबचे तीन खेळाडू आपापल्या देशांच्या संघात निवडले गेले, क्लबने लीगकडे मागणी केली आणि नियमाप्रमाणे ती मान्य झाली.

मी अकरा वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो. आमच्या गावचा क्लब लीग वनमध्ये, म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या तिसऱ्या पायरीवर खेळतो. दोन्ही क्लबांची नावं लिहीत नाही, कारण कुणा एका क्लबला दोष द्यायला हा धागा काढलेला नाही. मुलगी दहा वर्षांची आहे. घरच्या मैदानावर ती चार वर्षं माझ्याबरोबर येते, पण परगावची ही तिची पहिलीच मॅच होती. जूनमध्ये वेळापत्रक लागलं तेव्हापासून तिने तारखेभोवती लाल गोल करून ठेवला होता. ट्रेनची तिकिटं आगाऊ काढली की स्वस्त पडतात, पण त्यांचे पैसे परत मिळत नाहीत. तारीख बदलता येते, त्याला तिकिटामागे दहा पौंडांपर्यंत आणि वर भाड्यातला फरक. पण बदलून कुठली घेऊ? नवी मॅच मंगळवारी रात्री पावणेआठला आहे. संपेपर्यंत पावणेदहा होणार. आमच्याकडे येणारी शेवटची गाडी त्याआधीच निघून जाते आणि बुधवारी शाळा.

नियम माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. फिफाने आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी ठरवलेल्या तारखांना प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिप या वरच्या दोन पायऱ्या थांबतात. लीग वन आणि तिच्याखालची लीग टू थांबत नाहीत. या दोन्हींत मिळून ४८ क्लब आहेत. ज्या क्लबचे तीन किंवा जास्त खेळाडू देशाकडून बोलावले गेले, तो मॅच पुढे ढकलण्याची मागणी करू शकतो. करायलाच हवी असं बंधन नाही.

नियम असावा, असंच माझं मत आहे. माझा आक्षेप वेळेला आहे. फिफाच्या नियमानुसार राष्ट्रीय संघटनेने खेळाडू हवा असल्याचं विंडो (म्हणजे फिफाच्या त्या ठरलेल्या तारखा) सुरू होण्याच्या किमान पंधरा दिवस आधी क्लबला लेखी कळवायचं असतं. विंडो सोमवारी सुरू होते, म्हणजे शनिवारच्या मॅचच्या वीस दिवस आधी क्लबच्या ऑफिसात ते पत्र असायला हवं. आम्हाला कळलं ते आज, आठ दिवस आधी. मधल्या बारा दिवसांत मी तिकिटं काढली. माझ्यासारख्या आणखी कितीतरी जणांनी काढली असणार. क्लबने मागणी करायची तर तिला ठरलेली शेवटची तारीख का नसावी?

पंचगंगा | शुक्रवार, रात्री १०:०५

मी कोल्हापूरचा. इंग्लंडला कधी गेलेलो नाही, पण फुटबॉल म्हटलं की बोलल्याशिवाय राहवत नाही.

मला हे पटत नाही. तीन पोरं गेली तर बाकीची खेळवा की. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की सकाळपासून तालमीसमोर पोरं जमलेली असतात. मी स्वतः दहा वर्षं खेळलोय. एकदा आमचे दोघे राज्याच्या कॅम्पला गेले होते, त्यातला एक गोली. राखीव गोली घातला, चार गोल खाल्ले, हरलो. रात्रभर झोप लागली नाही, पण मॅच पुढे ढकला असं कुणाच्या मनातही आलं नाही. कॅम्पला गेलेल्या पोरांचा लई अभिमान होता. अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळला तेव्हा अख्खं कोल्हापूर टीव्हीसमोर होतं. देशासाठी पोरगं दिलं म्हणून क्लबनं सवलत मागायची, हे मला रुचत नाही.

हिशोबनीस | शुक्रवार, रात्री ११:२०

पंचगंगा, तुमच्या त्या पराभवानंतर कुणाची नोकरी गेली नाही. इथे जाते.

मी उत्तर इंग्लंडमध्ये राहतो, व्यवसायाने अकाउंटंट, आणि एका लीग टू क्लबच्या समर्थकांच्या ट्रस्टवर तीन वर्षं काम केलंय. लीग वन किंवा टूमधल्या क्लबचा संघ मोठा नसतो. मार्चपर्यंत दुखापती धरून सतरा-अठरा जण उभे राहिले तरी प्रशिक्षक सुटकेचा श्वास टाकतो. त्यातून तीन गेले म्हणजे राखीव बाकावर अकादमीतली सतरा वर्षांची मुलं. हंगाम ४६ मॅचचा. शेवटी एका गुणाने कुणी वर चढतं, कुणी खाली पडतं. लीग टूमधून खाली पडलं की क्लब फुटबॉल लीगच्या बाहेर जातो. टीव्हीचे पैसे आटतात, ऑफिसातली माणसं कमी होतात. तिकीटखिडकीवर वीस वर्षं बसणाऱ्या बाईंना निरोप द्यायची वेळ आली होती तेव्हा त्या खोलीत मी होतो. म्हणून तीन खेळाडूंशिवाय खेळा असं मी कुणाला सहज सांगणार नाही.

धागाकर्त्यांच्या मुदतीच्या मागणीबद्दल. पंधरा दिवस आधीचं पत्र येतं हे खरं, पण त्यात बहुतेक वेळा लांबलचक यादी असते. ‘हा खेळाडू कदाचित लागेल, तयार ठेवा’ असा त्याचा अर्थ. खरा संघ त्यानंतर जाहीर होतो. मग कुणी दुखावतो, तिसरा माणूस आयत्या वेळी आत येतो आणि दोनाचे तीन होतात. त्यामुळे वीस दिवस आधीची मुदत घातली तर क्लब नुसत्या शक्यतेवर मॅच पुढे ढकलायला लागतील, आणि तुमचं नुकसान कमी होण्याऐवजी वाढेल.

खर्चाची बाजूही सांगतो, कारण ती बाहेर फारशी दिसत नाही. शनिवारी दुपारी तीनच्या मॅचला घरातली सगळी माणसं येतात. मुलं, आजोबा, एखादा शेजारी. वरच्या दालनातली जेवणाची टेबलं भरतात, पाय (सारण भरलेली पेस्ट्री) आणि चहा खपतो. मंगळवारी रात्री सीझन तिकीटवाले येतात, कारण त्यांनी पैसे आधीच भरलेत. बाकीच्यांतले बरेच येत नाहीत, आणि पाहुण्या संघाचा स्टँड तर अर्धाही भरत नाही. फ्लडलाइट, सुरक्षारक्षक, रुग्णवाहिका हा खर्च मात्र तेवढाच. आणि हे नुकसान सोसतो यजमान क्लब, मग मागणी त्याने केलेली नसली तरी. धागाकर्त्यांच्या बाबतीत यजमानांचेच खेळाडू गेले, म्हणून ते तरी आपल्या निर्णयाची किंमत आपण मोजतायत. उलट झालं असतं तर अन्याय जास्त होता.

उजवा बॅक | शनिवार, सकाळी ८:४०

हिशोबनीस यांच्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. माझा आक्षेप त्याही पुढचा आहे. हा नियम ऐच्छिक आहे, तिथेच गडबड आहे.

समजा तुमचा क्लब सलग पाच मॅच जिंकलाय आणि तीन बदली खेळाडू देशाकडे गेले. तुम्ही मागणी करणार नाही, खेळून मोकळे व्हाल. आता समजा तुम्ही पाच मॅच हरलाय, मधल्या फळीतले दोघे जखमी आहेत, आणि देशाकडे गेलेले तिघेही बाकावर बसणारेच आहेत. तुम्ही मागणी करणार, आणि पंधरा दिवसांनी जखमी खेळाडू बरे झाले की खेळणार. बोलावणी दोन्हीकडे तीनच. नियमाचं एक अक्षरही मोडलेलं नाही. पण दुसऱ्या वेळी मॅच पुढे गेली ती दुखापतींमुळे.

आणि हा तीनचा आकडा. गोलकीपर आणि सगळ्यात जास्त गोल मारणारा असे दोघंच गेले तर खेळावं लागतं. एकवीस वर्षांखालच्या संघात निवडलेली तीन मुलं गेली, जी क्लबकडून हंगामात दोनशे मिनिटंही खेळली नाहीत, तर मॅच पुढे जाऊ शकते. गोलकीपरसाठी ईएफएलमध्ये (प्रीमियर लीगखालच्या तीन लीग चालवणारी संस्था) खास परवानगीने सात दिवसांचं तातडीचं लोन आहे, म्हणजे दुसऱ्या क्लबचा गोली उसना घेता येतो, म्हणजे ती जागा वेगळी आहे हे लीगलाही कळतं. मग इथे का कळत नाही? त्या खेळाडूंनी आधीच्या समजा दहा मॅचमध्ये किती मिनिटं खेळलं ते मोजा आणि त्यावर ठरवा. हे गणित एका तक्त्यात बसतं.

मी विद्यापीठात खेळलो, आता मुलांना शिकवतो. नियमाचा असा वापर मुलांच्याही लक्षात येतो. ‘सर, ते घाबरले का?’ असं मला एका बारा वर्षांच्या मुलाने विचारलंय.

मांडवीकाठ | शनिवार, दुपारी १:१५

मी इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये राहते, मूळची गोव्याची. मराठी शाळेत शिकले, पण सवय कोंकणीची, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

स्विंडनमध्ये आम्ही गोंयकार हजारोंनी आहोत. बरेच जण गोदामांत, कारखान्यांत पाळीने काम करतात. शनिवारची सुट्टी मागायची तर महिनाभर आधी सांगावं लागतं. म्हणून धागाकर्त्यांचं दुःख मला नीट कळतं. त्यांचे तिकिटाचे पैसे गेले, आमच्याकडे रजा जाते. मंगळवारी रात्री माझा नवरा कामावर असतो. मॅच मंगळवारी गेली की आमच्या घरातून फक्त मी आणि धाकटा.

पण दुसरी बाजूही मनापासून सांगायची आहे. २०२२ साली वेल्स ६४ वर्षांनी वर्ल्डकपला गेलं. १९५८ नंतर पहिल्यांदाच. त्या संघात आमच्या स्विंडन टाऊनचा जॉनी विल्यम्स होता. लीग टूचा क्लब, चौथी पायरी! काउंटी ग्राउंड ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत असेल, बाजूला तो पाच छोट्या चक्रांचा मॅजिक राउंडअबाउट आहे, नवा माणूस गाडी घेऊन आला की गांगरतो. त्या मैदानावर दर पंधरा दिवसांनी ज्याला हाक मारायची तो माणूस कतारला गेला. प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिप वर्ल्डकपसाठी थांबल्या होत्या, आमची लीग चालूच होती. एकट्यासाठी मॅच पुढे ढकलत नाहीत, आणि ढकलावी असं इथे कुणाला वाटलंही नाही. चर्चच्या हॉलमध्ये आमच्या लोकांनी वेल्सच्या मॅच पाहिल्या. गोव्यात अर्धं गाव ब्राझील आणि अर्धं पोर्तुगाल असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या वर्षी आमच्या हॉलमध्ये वेल्सचा लाल झेंडा होता. माझ्या धाकट्याने तो स्वतः रंगवला होता.

त्याच वेल्सच्या संघात ख्रिस गंटर होता, एएफसी विम्बल्डनचा. तोही तेव्हा लीग टूमध्येच. वेल्सच्या पुरुष संघाकडून शंभर सामने खेळणारा पहिला माणूस. १०९ वर थांबला. ज्याच्या नावावर देशाचे शंभर सामने, तो मंगळवारी रात्री काही हजार लोकांपुढे खेळायचा. छोट्या क्लबच्या प्रेक्षकाला हे मिळतं.

अबोली | शनिवार, रात्री ११:५०

मांडवीकाठ, झेंड्याचं वाचून फार बरं वाटलं. मी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला राहते, म्हणजे ज्या देशांकडे असे खेळाडू ‘जातात’ त्यांतल्या एका देशात. इथून हे प्रकरण कसं दिसतं ते सांगते.

२४ मार्च २०२५, सोमवार. ईडन पार्क. न्यूझीलंड विरुद्ध न्यू कॅलेडोनिया, जिंकलो की थेट २०२६ च्या वर्ल्डकपला. त्याआधी शुक्रवारी वेलिंग्टनला फिजीला ७-० हरवलं होतं. आम्ही चौघं गेलो होतो, पुण्याहून आलेले सासरेही. पहिल्या अर्ध्या भागात गोलच होईना. मग आमचा कर्णधार ख्रिस वुड दुखावून बाहेर गेला आणि स्टेडियम गप्प झालं. नंतर बॉक्सॉलने हेडर मारला, बार्बारूसेसने दुसरा, एलायजा जस्टने तिसरा. ३-०. सासऱ्यांना फुटबॉल कळत नाही, पण शेजारच्या अनोळखी माणसाने त्यांना मिठी मारली आणि त्यांनीही मारली.

त्या संघात मॅक्स क्रोकोम्ब होता, तेव्हा बर्टन अल्बियनचा गोलकीपर. टायलर बिंडन होता, तेव्हा रेडिंगकडून खेळणारा. दोन्ही क्लब लीग वनचे. आता हिशोब करा. इंग्लंड ते ऑकलंड साधारण १८,००० किलोमीटर. घड्याळात तेव्हा तेरा तासांचा फरक. सोमवारी रात्री इथे खेळायचं, मंगळवारी विमान, बुधवारी तिथे उतरायचं आणि शनिवारी दुपारी तीनला लीगची मॅच. तीन दिवसांत शरीराला रात्र कुठली आणि दिवस कुठला हेही उमगत नाही. म्हणजे विंडोमधली मॅच पुढे ढकलली तरी त्यानंतरची मॅच तो माणूस अर्ध्या झोपेत खेळतो. त्याबद्दल कोणताच नियम नाही.

पंचगंगा म्हणतात क्लबनं सवलत मागू नये. मला वेगळी भीती वाटते. ही सवलत काढून टाकली तर लीग वनचा प्रशिक्षक खेळाडूला हळूच सांगेल, ‘या वेळी जाऊ नकोस, गुडघा दुखतोय असं कळव.’ नियमाने क्लबला सोडावंच लागतं, पण खेळाडूचा पुढचा करार त्याच प्रशिक्षकाच्या हातात असतो. मोठ्या देशांना काही फरक पडणार नाही. आमच्यासारख्यांना पडेल. माँटसेराटला तर फारच पडेल.

माँटसेराटचं सांगायलाच हवं. कॅरिबियनमधलं बेट, लोकवस्ती पाच हजारांच्या आसपास. १९९५ पासून ज्वालामुखीने अर्ध्याहून जास्त बेट राहण्यालायक ठेवलं नाही, राजधानी राखेखाली गेली. कितीतरी कुटुंबं इंग्लंडला आली. त्या बेटाच्या संघाला खेळाडू कुठून मिळणार? इंग्लंडच्या खालच्या लीगमधूनच. लायल टेलर २०१५ पासून त्यांच्याकडून खेळला. पुढच्याच वर्षी, मे २०१६ मध्ये, वेम्बलीवर लीग टूच्या प्लेऑफ फायनलमध्ये त्याने एएफसी विम्बल्डनसाठी गोल मारला. विम्बल्डन २-० जिंकून वर गेलं. समोरचा संघ प्लिमथ, आणि राखेखाली गेलेल्या माँटसेराटच्या राजधानीचं नावही प्लिमथच.

पंचगंगा | रविवार, सकाळी ७:३०

अबोलीताई, प्रशिक्षक पोराला थांबवेल हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. आमच्याकडं तालमीतला म्हातारा स्वतः पोराला एसटीत बसवून द्यायचा, म्हणून सगळीकडं तसंच असेल असं धरून चाललो. माझा मुद्दा मागे घेतो. हिशोबनीस, तिकीटखिडकीवरच्या बाईंचंही वाचलं.

पण एक विचारतो. मग या दोन लीगनीही सरळ ब्रेक का घेऊ नये? सगळेच थांबले तर कुणावरच अन्याय नाही.

रात्रपाळी | रविवार, सकाळी १०:१०

पंचगंगा, हा प्रश्न इथे दर हंगामात निघतो. मी एक्सेटरजवळ राहतो, लीग वन नियमाने पाहतो. माझं उत्तर: कृपा करून नको.

पहिलं कारण, तारखा नाहीत. ४६ लीग मॅच, वर एफए कप, लीग कप, ईएफएल ट्रॉफी. डिसेंबर-जानेवारीत पावसाने आणि दंवाने मॅच रद्द होतात त्या वेगळ्या. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्च असे चार शनिवार काढले तर त्या सगळ्या मॅच मंगळवारी जातील. आज काही क्लबांच्या बाबतीत होतं ते सगळ्यांच्या बाबतीत होईल. २०२३-२४ मध्ये आम्ही आणि कार्लाइल एकाच लीगमध्ये होतो. एक नैर्ऋत्य टोकाला, दुसरं जवळजवळ स्कॉटलंडच्या हद्दीवर, रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे. मंगळवारी रात्री तिकडून निघालेला माणूस बुधवारी सकाळी घरी पोचतो आणि तसाच कामावर जातो. असे लोक आहेत, मी त्यांच्या शेजारी उभा राहतो. त्यांच्यावर आणखी चार मंगळवार लादू नका.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो शनिवार आमचा असतो. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी २:४५ ते ५:१५ या वेळात फुटबॉल थेट दाखवायला बंदी आहे, मैदानावरचा प्रेक्षक टिकावा म्हणून. ही प्रथा १९६० च्या दशकातली, बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांच्या आग्रहातून आलेली. पण वरच्या दोन लीग थांबल्या की ती अट त्या दिवशी लागू होत नाही, आणि लीग वन-टूच्या तीन वाजताच्या मॅच देशभर पडद्यावर दिसू शकतात. वर्षभर ज्यांच्याकडे कुणी पाहत नाही त्यांच्याकडे त्या दिवशी लोक पाहतात. त्याहून खालच्या क्लबांनी तर २०१० पासून अशाच एका शनिवारी ‘नॉन-लीग डे’ पाळायला सुरुवात केली. मोठ्या क्लबचा समर्थक त्या दिवशी मोकळा असतो, त्याने आपल्या गल्लीतल्या मैदानावर जावं, तिकीट काढावं, चहा प्यावा. माझा शेजारी असाच एकदा आला आणि आता सीझन तिकीट घेतो.

आमची मॅच त्याच दिवशी पुढे ढकलली गेली की मला दुप्पट लागतं. वर्षातून चारदा दार उघडतं आणि नेमकं तेव्हाच आम्ही घरात नसतो.

उजवा बॅक | रविवार, सकाळी ११:००

दाराचं म्हणणं पटलं. आता पुढचं पाहा. २०२६ पासून फिफाने सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या विंडो एकत्र केल्या आहेत. २१ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर, सोळा दिवस, चार सामने. म्हणजे २६ सप्टेंबर आणि ३ ऑक्टोबर असे दोन शनिवार लागोपाठ. शनिवारांची संख्या तेवढीच, पण तीन बोलावणी आलेल्या क्लबच्या दोन मॅच सलग बाहेर जाऊ शकतात. त्यात एखादी घरची असेल तर तीन-तीन आठवडे मैदान बंद.

अबोली | रविवार, दुपारी ४:२०

आमच्या खेळाडूंना मात्र ती मोठी मदत आहे. दोनदा पृथ्वी ओलांडण्याऐवजी एकदाच. त्यांच्या गुडघ्यांच्या आणि झोपेच्या बाजूने मी या बदलाचं स्वागत करते.

हिशोबनीस | रविवार, संध्याकाळी ६:४५

सलग तीन आठवडे घरची मॅच नसेल तर छोट्या क्लबच्या हातात रोख पैसा येत नाही आणि पगाराची तारीख थांबत नाही. अबोली यांचं म्हणणं खरं असलं तरी लीगने अशा क्लबांना तेवढ्या काळापुरती उचल द्यायला हवी.

पैशाचाच विषय निघाला आहे तर, खेळाडू देशाकडे गेला म्हणून क्लबला फिफाकडून एरवी वेगळी भरपाई मिळत नाही. मुख्य राष्ट्रीय संघाकडून खेळताना तो दुखावला आणि चार आठवड्यांहून जास्त बाहेर राहिला तर फिफाची विमा योजना त्याचा पगार भरते. ती २०१२ पासून आहे. वर्ल्डकपसाठी खेळाडू सोडणाऱ्या क्लबांना मात्र वाटा मिळतो. २०२२ ला त्या निधीत २०.९ कोटी डॉलर होते, २०२६ साठी ३५.५ कोटी आहेत, आणि या वेळी पहिल्यांदाच पात्रता सामन्यांसाठी खेळाडू सोडणारे क्लबही त्यात धरले आहेत. पात्रता सामने म्हणजे नेमके आपले शनिवार. आजवर फिफाने त्यांचा हिशोबच केला नव्हता.

माझी सूचना अशी: त्या पैशातला काही भाग मॅच पुढे ढकलल्यामुळे ज्यांची तिकिटं फुकट गेली त्यांच्यासाठी बाजूला ठेवा. मॅचचं तिकीट नव्या तारखेला चालतं, पण प्रवासाचं नाही. पावती दाखवा, पैसे घ्या. फार मोठी रक्कम होणार नाही. आमच्या ट्रस्टतर्फे मी हे लिहून पाठवणार आहे.

दवबिंदू | रविवार, रात्री ८:३०

थोडं विषयांतर, पण ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याकडेही क्लब की देश असा वाद झाला. मध्य आशियाई फुटबॉल संघटनेच्या काफा नेशन्स कपसाठी मोहन बागानने भारताच्या संघाला खेळाडू सोडले नाहीत, कारण स्पर्धा फिफा विंडोच्या आधीच सुरू होत होती आणि नियमाने सोडणं बंधनकारक नव्हतं. खालिद जमील यांची भारताचे प्रशिक्षक म्हणून पहिलीच स्पर्धा, आणि संघ अपुरा. तरी ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे आले. मुंबई एफसीच्या दिवसांपासून त्यांना पाहणाऱ्यांना त्याचं फार आश्चर्य वाटलं नसेल. क्लब चूक की संघटना, यावर आमच्या घरी आठवडाभर वाद चालला होता.

शनिवार तीन (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:००

सगळ्यांचे आभार. वीस दिवसांची मुदत चालणार नाही, हे हिशोबनीस यांनी दाखवून दिलं. तरी काहीतरी मुदत हवीच, हा आग्रह सोडत नाही. माझी नवी मागणी अशी: यादी हातात आली की क्लबने त्याच दिवशी ‘ही मॅच पुढे जाण्याची शक्यता आहे’ एवढं एक वाक्य जाहीर करावं. नक्की काय ते नंतर सांगा. मी तेवढं वाचलं असतं तर ट्रेनची तिकिटं काढायला थांबलो असतो. याला पैसे लागत नाहीत. पत्रात हेही घालाल का?

मुलीला हा धागा वाचून दाखवला. मॅच गेली म्हटल्यावर दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलत नव्हती. माँटसेराट नकाशात शोधायला तिला पाच मिनिटं लागली. मग ते तिघं कुठल्या देशांकडून खेळतात ते तिने शोधून काढलं. त्यातल्या एकाची मॅच शनिवारी दुपारी आहे, ती आम्ही घरी बघणार आहोत.

हिशोबनीस | रविवार, रात्री १०:२५

पत्रात घालतो. आणि मंगळवारचं बोलू. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण तारीख आणि वेळ जुळवली तर मैदान कुठलं ते कळतं. आमच्या घरापासून गाडीने चाळीस मिनिटं. मॅचनंतर आमच्याकडे राहा, पहाटे सहा-दहाची गाडी आहे, मी स्टेशनवर सोडतो. साडेनऊपर्यंत पोचाल.

शनिवार तीन (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:५८

शाळेला पहिल्या तासापुरती चिठ्ठी लिहितो. आम्ही दोघं संध्याकाळी पाच-पस्तीसच्या गाडीने पोचतो. थालीपीठं आणि दही घेऊन येतो.

हिशोबनीस | रविवार, रात्री ११:०४

दही आमच्याकडे आहे. मुलीला हातमोजे आणि दोन जोड मोजे घालून आणा, पाहुण्यांचा स्टँड एका बाजूने उघडा आहे आणि वारा थेट आत येतो.